सर्व्हरवरील डिस्क नेमकी ओळखणे आणि तिची सुरक्षित प्रत घेणे

इंदूरच्या रामबागेतल्या एखाद्या मराठी वाचनालयाचा सर्व्हर उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणावा. टॉवर कॅबिनेट आहे आणि त्यात डेबियन ही लिनक्स प्रणाली चालते. एका लहान एसएसडीवर प्रणाली आहे, १ टीबीच्या जुन्या हार्ड डिस्कवर जीर्ण मासिकांची स्कॅन केलेली पाने आणि सभासदांची नोंदवही आहे. ही डिस्क आता कुरकुरू लागली असून आर. एन. टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून ४ टीबीची नवी डिस्क आणली गेली आहे. जुनीवरचे सर्व काही नवीवर न्यायचे, सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर योग्य डिस्क योग्य जागी जोडली जाईल अशी व्यवस्था करायची आणि हे करताना कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर ओतली जाणार नाही याची खात्री ठेवायची, एवढे हे काम आहे. त्यातला तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या दोन्हींतली चूक सुधारता येते. तिसऱ्यातली येत नाही.

वाचण्याआधी एक सूचना. या लेखातल्या आज्ञा आणि पथ देवनागरीत उच्चारानुसार दिले आहेत. प्रत्यक्ष टर्मिनलवर ते रोमन लिपीत टाइप करावेत. पर्यायांतील अक्षर लहान की मोठे याने फरक पडतो, आणि जिथे मोठे अक्षर हवे तिथे तसे सांगितले आहे. सर्व आज्ञा रूट अधिकाराने, म्हणजे ‘सुडो’ लावून द्याव्यात.

डिस्कच्या नावावर विश्वास का ठेवू नये

लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, साटा, सास आणि यूएसबी अशा जोडणीच्या डिस्कना सापडतील त्या क्रमाने ‘एसडीए’, ‘एसडीबी’, ‘एसडीसी’ अशी नावे देतो, आणि ‘एसडीझेड’नंतर ‘एसडीएए’ येते. पूर्वी आयडीई डिस्कना ‘एचडीए’ अशी नावे असत आणि ती केबलवरील जागेशी बांधलेली असत. २००७ च्या सुमारास बहुतेक लिनक्स वितरणांनी (लिनक्सच्या तयार संचांनी) ती पद्धत सोडली, पण ‘पहिल्या सॉकेटमधली ती ए’ ही जुन्या माणसांची समजूत मात्र अजून टिकून आहे. आजचा कर्नल अनेक डिस्कचा शोध एकाच वेळी घेतो. त्यामुळे एखादी डिस्क फिरायला दोन सेकंद उशीर झाला, कुणी पेन ड्राइव्ह लावून ठेवला किंवा बायोसमधली एखादी सेटिंग बदलली, तर काल ‘बी’ असलेली डिस्क आज ‘सी’ होऊ शकते. ही बिघाडाची खूण नसून रचनाच तशी आहे.

एनव्हीएमई डिस्कचे नाव ‘एनव्हीएमई०एन१’ असे असते आणि तिच्या पहिल्या पार्टिशनला (डिस्कच्या स्वतंत्र विभागाला) ‘एनव्हीएमई०एन१पी१’ म्हणतात. आभासी यंत्रात ‘व्हीडीए’ दिसते. त्यांचेही आकडे शोधाच्या क्रमानेच ठरतात, म्हणून हीच सावधगिरी त्यांनाही लागू आहे.

न बदलणारी ओळख डिस्कच्या अंगावर असते: कारखान्यात दिलेला सिरियल क्रमांक आणि डब्ल्यूडब्ल्यूएन हा जागतिक क्रमांक. पार्टिशन आणि त्यातली फाइलसिस्टिम (फाइली मांडून ठेवण्याची रचना) यांना यूयूआयडी हा स्वतंत्र ओळखक्रमांक असतो, पण तो डिस्कवर लिहिलेला असल्याने प्रत घेताना तोही सोबत जातो. सिरियल क्रमांक डिस्कचा, यूयूआयडी त्यावरील मजकुराचा, हा भेद पक्का केला की पुढचे सर्व निर्णय सोपे जातात.

पहिली पायरी: कागदावरची यादी

सर्व्हर चालू असताना पुढील आज्ञा द्यावी.

एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,मॉडेल,सिरियल,डब्ल्यूडब्ल्यूएन,एफएसटाइप,यूयूआयडी,माउंटपॉइंट

उत्तरात प्रत्येक डिस्कची एक ओळ आणि तिच्याखाली तिची पार्टिशने दिसतात. प्रत्येक डिस्कचा सिरियल क्रमांक, आकार आणि माउंट होण्याची जागा (ती ज्या डिरेक्टरीत जोडली जाते ती) वहीत लिहून घ्यावी. नंतर सर्व्हर बंद करून कॅबिनेट उघडावे आणि डिस्कवरच्या चिकटपट्टीवर छापलेला क्रमांक त्याच्याशी ताडून पाहावा. त्याच वेळी डिस्कच्या दर्शनी कडेला क्रमांकाची शेवटची चार अक्षरे लिहिलेली पट्टी लावली, तर पुढच्या वेळी कॅबिनेट उघडावे लागत नाही. हॉट स्वॅप ट्रे (यंत्र चालू असतानाच डिस्क काढता-घालता येणारे ट्रे) असलेल्या सर्व्हरमध्ये ही पट्टी ट्रेवर हवी आणि डिस्क ट्रेमधून बदलली की पट्टीही बदलायला हवी.

यूएसबी खोक्यात किंवा डॉकमध्ये लावलेल्या डिस्कच्या बाबतीत एक फसगत होते. काही डॉक डिस्कचा खरा सिरियल क्रमांक पुढे न पाठवता स्वतःचाच क्रमांक सांगतात, आणि स्वस्त डॉकमध्ये तो शून्यांची रांग किंवा १२३४५६७८९ यांसारखाही असतो. अशा वेळी ‘स्मार्टसीटीएल -आय’ ही आज्ञा बहुधा आतल्या डिस्कचा क्रमांक देते. तरीही शंका राहिली तर डॉक बाजूला ठेवून डिस्क थेट साटा केबलला लावावी.

यानंतर ‘/डेव्ह/डिस्क/बाय-आयडी’ ही डिरेक्टरी उघडून पाहावी. त्यात यूडेव्ह ही यंत्रणा प्रत्येक डिस्कसाठी मॉडेल आणि सिरियल क्रमांक मिळून बनलेला एक दुवा ठेवते, आणि तो दुवा त्या घडीच्या ‘एसडीबी’ किंवा ‘एसडीसी’कडे बोट दाखवतो. नाव कितीही बदलले तरी दुवा त्याच डिस्ककडे जातो. शेजारच्या ‘बाय-पाथ’मध्ये कंट्रोलर आणि पोर्टनुसार दुवे असतात, ट्रेमधली डिस्क बदलली तरी जागा तीच राहावी असे वाटते तिथे ते कामाला येतात, आपल्या कामाला नाहीत.

दुसरी पायरी: एफएसटॅब यूयूआयडीवर आणणे

सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची याची यादी असलेल्या ‘/ईटीसी/एफएसटॅब’ या फाइलमध्ये अजूनही ‘/डेव्ह/एसडीबी१’ असा उल्लेख असेल, तर नवी डिस्क जोडण्यापूर्वीच तो बदलावा. नवी डिस्क लागताच नावे सरकण्याची शक्यता असते आणि नेमक्या त्याच क्षणी जुनी ओळ चुकीच्या डिस्ककडे बोट दाखवू लागते. यूयूआयडी ‘बीएलकेआयडी’ या आज्ञेने मिळतो. नवी ओळ साधारण अशी दिसेल; तीत ‘यूयूआयडी’ मोठ्या अक्षरांत हवे, आणि ‘एक्सटी४’ हा फाइलसिस्टिमचा प्रकार आहे.

यूयूआयडी=(मिळालेला क्रमांक) /संग्रह एक्सटी४ डिफॉल्ट्स,नोफेल,एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१५ ० २

‘नोफेल’ नसेल आणि ती डिस्क सापडली नाही, तर सिस्टमडी (सर्व्हर सुरू करणारी यंत्रणा) मुळात ९० सेकंद वाट पाहून सर्व्हरला आणीबाणीच्या अवस्थेत नेते. तिथे तो पडद्यावर रूटचा पासवर्ड मागत थांबतो आणि पडदा नसलेल्या, कपाटाआड ठेवलेल्या सर्व्हरच्या बाबतीत कुणालातरी जाऊन मॉनिटर जोडावा लागतो. डेटाच्या डिस्कला म्हणून ‘नोफेल’ द्यावेच. मात्र त्याची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही: डिस्क माउंट झाली नाही तरी ‘/संग्रह’ ही रिकामी डिरेक्टरी एसएसडीवर असतेच, स्कॅनिंगचा प्रोग्राम तिच्यातच पाने लिहीत राहतो, आणि काही दिवसांनी एसएसडी भरून सर्व काही ठप्प होते. यावर उपाय असा की डिस्क अनमाउंट केलेली असताना त्या रिकाम्या डिरेक्टरीला ‘सीएचअॅटर +आय /संग्रह’ ही आज्ञा देऊन ती अपरिवर्तनीय करावी. त्यानंतर तिच्यावर डिस्क माउंट होते, पण डिस्क नसताना रूटलाही तिच्यात लिहिता येत नाही आणि बिघाड लगेच लक्षात येतो.

बदल झाल्यावर ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ चालवावे, ‘सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड’ द्यावे आणि ‘माउंट -ए’ करून पाहावे. या तिन्हींतून काही तक्रार न आल्यावरच सर्व्हर एकदा पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा.

तिसरी पायरी: कोणत्या प्रकारची प्रत

जुनी डिस्क निरोगी असेल आणि तीवर केवळ फाइली असतील, तर संपूर्ण डिस्कची अक्षरशः प्रत घेण्याची गरज नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. नव्या डिस्कवर नवे पार्टिशन आणि नवी फाइलसिस्टिम तयार करून ‘आरसिंक’ला ‘-ए’ आणि मोठ्या अक्षरांतील एच, ए व एक्स हे पर्याय देऊन फाइली न्याव्यात. फक्त भरलेली जागाच वाचली जाते, मध्ये थांबून पुन्हा सुरू करता येते आणि यूयूआयडीचा गोंधळ उद्भवत नाही. संपूर्ण प्रत घ्यावी लागते ती प्रणाली असलेल्या डिस्कची किंवा मरू घातलेल्या डिस्कची.

दुखणे किती आहे हे ‘स्मार्टसीटीएल -ए’ सांगते. त्यातील ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या नोंदी पाहाव्यात. ५ मध्ये बदलून दिलेल्या सेक्टरांची (डिस्कवरील सर्वांत लहान तुकड्यांची) संख्या असते, १९७ मध्ये वाचता न आल्याने प्रलंबित राहिलेल्यांची, तर १९८ मध्ये तपासणीतही दुरुस्त न झालेल्यांची. १९७ चा कच्चा आकडा शून्यापेक्षा जास्त असेल, तर डिस्कवर कोणतीही दुरुस्ती करू नये, फाइलसिस्टिमची तपासणीसुद्धा नको; आधी प्रत घ्यावी. आपल्या उदाहरणातील वाचनालयाची डिस्क याच अवस्थेत आहे असे धरून पुढे जाऊ.

चौथी पायरी: पूर्वतयारी

नव्या डिस्कचा आकार जुनीइतका किंवा अधिक असावा, आणि तो बाइटमध्ये पाहावा. ‘ब्लॉकडेव्ह --गेटसाइझ६४’ ही आज्ञा तो देते. बहुतेक १ टीबी डिस्कचा आकार १०००२०४८८६०१६ बाइट असतो. दोन डिस्कवर ‘१ टीबी’ छापलेले असले तरी एकीत काही सेक्टर कमी असू शकतात आणि प्रत शेवटच्या क्षणी अडते. त्याचबरोबर ‘ब्लॉकडेव्ह --गेटएसएस’ने तार्किक सेक्टरचा आकार पाहावा. एकीचा ५१२ आणि दुसरीचा ४०९६ असेल, तर पार्टिशनचा तक्ता सेक्टरांत मोजलेला असल्यामुळे प्रत बाइटागणिक अचूक होऊनही नव्या डिस्कवर पार्टिशने दिसणार नाहीत. काही यूएसबी डॉक ५१२ च्या डिस्कला ४०९६ ची म्हणून दाखवतात, हे आणखी एक कारण मी डॉकपेक्षा थेट केबल पसंत करतो.

वेळेचा अंदाज आधी करावा. सेकंदाला १२० एमबी या वेगाने निरोगी १ टीबी डिस्क सुमारे दोन तास वीस मिनिटांत वाचून होते. तेच यूएसबी २ वरून ३५ एमबीच्या वेगाने आठ तासांच्या आसपास जाते आणि आजारी डिस्कला दिवस लागू शकतो. इंदूरमध्ये रंगपंचमीला राजवाड्यावर गेर (रंगांची मिरवणूक) निघते तेव्हा शहर बंदच असते, आणि अनंत चतुर्दशीची झांक्यांची (चित्ररथांची) मिरवणूक रात्रभर चालते. त्या दिवशी वाचनालयही बंद असल्याने असे काम त्या सुट्टीला लावणे सोयीचे पडते. मे-जूनच्या वळिवाच्या दिवसांत मात्र वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून यूपीएसच्या बॅटरीची चाचणी घेतल्याखेरीज सुरुवात करू नये. दूरवरून जोडून काम करत असाल, तर ‘टीमक्स’मध्ये करावे, म्हणजे जोडणी तुटली तरी आज्ञा चालू राहते.

जुनी डिस्क अनमाउंट करावी. माउंट असलेल्या आणि लिहिल्या जाणाऱ्या फाइलसिस्टिमची प्रत घेतली, तर सुरुवातीचा भाग दुपारचा आणि शेवटचा संध्याकाळचा अशी विसंगत प्रत मिळते. त्यानंतर दोन नावे ठरवून घ्यावीत.

जुनी=/डेव्ह/डिस्क/बाय-आयडी/एटीए-(जुन्या डिस्कचे मॉडेल आणि सिरियल)
नवी=/डेव्ह/डिस्क/बाय-आयडी/एटीए-(नव्या डिस्कचे मॉडेल आणि सिरियल)
ब्लॉकडेव्ह --सेटआरओ $जुनी
एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,सिरियल,आरओ,माउंटपॉइंट $जुनी $नवी

तिसऱ्या ओळीने कर्नल जुनी डिस्क केवळ वाचण्यासाठी उघडतो. दिशा उलटी टाइप झाली तरी लिहिणारी आज्ञा तिथेच अडते. चौथ्या ओळीच्या उत्तरात दोन्ही सिरियल क्रमांक वहीतल्या क्रमांकांशी जुळले पाहिजेत, जुनीच्या ‘आरओ’ स्तंभात १ दिसला पाहिजे आणि दोन्हींचा माउंटपॉइंट रिकामा असला पाहिजे. शक्य असेल तर हे क्रमांक दुसऱ्या माणसाने मोठ्याने वाचावेत. पतसंस्थेत रोकड मोजताना दोघे लागतात, तोच नियम इथे लावला तर त्यात कमीपणा नाही.

पाचवी पायरी: प्रत

निरोगी डिस्कसाठी ‘डीडी’ पुरते.

डीडी आयएफ=$जुनी ओएफ=$नवी बीएस=४एम स्टेटस=प्रोग्रेस कॉन्व्ह=एफसिंक

‘४एम’मधले एम मोठे अक्षर हवे. ‘आयएफ’ म्हणजे जिथून वाचायचे ते आणि ‘ओएफ’ म्हणजे जिथे लिहायचे ते. ‘कॉन्व्ह=एफसिंक’मुळे सर्व मजकूर डिस्कवर खरोखर उतरल्यावरच आज्ञा संपते; ते नसेल तर शेवटचा भाग मेमरीतच असताना काम झाल्याचा भास होतो. अनेक ठिकाणी आजारी डिस्कसाठी याच आज्ञेत ‘नोएरर,सिंक’ घालण्याचा सल्ला दिलेला आढळतो. तो मी देणार नाही, कारण ४ एमबीच्या ब्लॉकमध्ये एकच सेक्टर वाचता आला नाही तरी उरलेला वाचता येण्याजोगा मजकूरही शून्यांनी भरला जातो.

आजारी डिस्कसाठी ग्नू डीडीरेस्क्यू वापरावे. डेबियन आणि उबुंटूत त्याच्या पॅकेजचे नाव ‘जीडीडीरेस्क्यू’ आहे, आज्ञा मात्र ‘डीडीरेस्क्यू’च. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अडचणीची जागा ओलांडून पुढे जाते, आणि कुठला भाग वाचला, कुठला राहिला याचा हिशेब मॅपफाइल नावाच्या छोट्या फाइलमध्ये ठेवते. ही मॅपफाइल या दोन्ही डिस्कवर नको. प्रणालीच्या एसएसडीवर ठेवावी.

डीडीरेस्क्यू -एफ -एन $जुनी $नवी /रूट/संग्रह.मॅप
डीडीरेस्क्यू -एफ -डी -आर३ $जुनी $नवी /रूट/संग्रह.मॅप

पहिल्या फेरीत ‘-एन’मुळे अवघड जागा खरवडून काढण्याचा प्रयत्न टाळला जातो, डिस्कचा भरवसा नसताना आधी जे मिळते ते पदरात पाडून घ्यावे. दुसरी फेरी उरलेल्या जागांवर थेट वाचनाने तीनदा प्रयत्न करते. मध्ये वीज गेली, तरी तीच आज्ञा त्याच मॅपफाइलसह पुन्हा दिली की काम थांबले तिथून पुढे सुरू होते. मात्र पुन्हा सुरू करण्याआधी ‘जुनी’, ‘नवी’ ही नावे आणि ‘सेटआरओ’ नव्याने द्यावे लागतात, कारण यंत्र बंद झाले की दोन्ही पुसले जातात. डिस्कमधून ठोके ऐकू येऊ लागले किंवा वेग सतत शून्यावर राहिला, तर फेऱ्या थांबवाव्यात आणि मजकूर अनमोल असल्यास डेटा परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेचा विचार करावा.

सहावी पायरी: पडताळणी

‘डीडी’ने घेतलेल्या प्रतीची तुलना ‘सीएमपी --बाइट्स=(जुन्या डिस्कचा आकार) $जुनी $नवी’ या आज्ञेने करावी. काहीही न छापता ती संपली, तर दोन्ही एकसारख्या आहेत. डीडीरेस्क्यूच्या प्रतीत मॅपफाइल हाच पुरावा असतो. ‘डीडीरेस्क्यूलॉग -टी’ वाचलेल्या आणि न वाचलेल्या भागांची बेरीज दाखवते.

काही भाग राहिला असेल, तर कोणती पाने गमावली हे कळायला हवे. एका छोट्या फाइलमध्ये एखादी सहसा न आढळणारी खूण लिहून डीडीरेस्क्यूच्या ‘--फिल-मोड=-’ या पर्यायाने न वाचलेल्या जागांत ती भरता येते; नंतर फाइलसिस्टिम ‘आरओ,नोलोड’ पर्यायांनी माउंट करून ‘ग्रेप -आरएल’ने ती खूण शोधली की बाधित फाइलींची नावे मिळतात. हे फाइलसिस्टिम दुरुस्त करण्याआधी करावे. खराब जागा फाइलींऐवजी डिरेक्टरीच्या रचनेत असल्या, तर या खुणेने दुरुस्ती अवघड होते, म्हणून हा प्रयोग शक्यतो प्रतीच्या प्रतीवर करावा. नावे हाती आली की ती मासिके कपाटातून काढून तेवढीच पाने पुन्हा स्कॅन करता येतात.

सातवी पायरी: दोन जुळ्या डिस्क

प्रत पूर्ण झाल्यावर जुनी आणि नवी या दोहोंवर एकच यूयूआयडी असतो. आता सर्व्हर सुरू केला तर एफएसटॅबमधली ओळ दोन्हींना जुळते आणि कोणती माउंट होईल हे सांगता येत नाही. म्हणून सर्व्हर बंद करून जुनी डिस्क काढून घ्यावी आणि मगच पुढे जावे. दोन्ही एकत्र ठेवणे भागच असेल, तर नवीचा यूयूआयडी बदलावा: एक्सटी४ साठी ‘ट्यून२एफएस’ला मोठ्या यू अक्षराचा पर्याय आणि ‘रँडम’ हा शब्द द्यावा, एक्सएफएससाठी ‘एक्सएफएस_अॅडमिन’ला तोच पर्याय आणि ‘जनरेट’. एक्सएफएस एकाच यूयूआयडीची दुसरी फाइलसिस्टिम माउंट करायलाच नकार देते, हे त्यातल्या त्यात बरे. बीटीआरएफएसच्या बाबतीत मात्र दोन्ही प्रती एकाच वेळी जोडलेल्या असणे धोक्याचे आहे, तिथे जुनी काढलेलीच बरी. एलव्हीएम (अनेक पार्टिशने एकत्र वापरणारी व्यवस्था) असेल तर ‘व्हीजीइम्पोर्टक्लोन’ वापरावे.

जुनी काढल्यावर नवीवरची वाढीव जागा वापरात आणावी. जुन्या डिस्कवर एमबीआर हा जुन्या प्रकारचा पार्टिशन तक्ता असेल, तर २ टीबीच्या थोड्या पलीकडे पार्टिशन वाढणार नाही. डेटाच्या डिस्कवर ‘एसजीडिस्क -जी’ हा लहान जी अक्षराचा पर्याय तो जीपीटी या नव्या प्रकारच्या तक्त्यात बदलून देतो. आधीपासून जीपीटी असेल, तर त्याचा पर्यायी तक्ता १ टीबीच्या खुणेवरच अडकलेला असतो, तो ‘एसजीडिस्क -ई’ने डिस्कच्या खऱ्या टोकाला न्यावा. मग पुढील क्रम पाळावा.

पार्टेड $नवी रिसाइझपार्ट १ १००%
ई२एफएससीके -एफ $नवी-पार्ट१
रिसाइझ२एफएस $नवी-पार्ट१

एक्सएफएस मात्र माउंट असताना ‘एक्सएफएस_ग्रोएफएस’ने वाढवावी लागते, आणि ती पुन्हा लहान करता येत नाही.

प्रणालीच्या डिस्कची प्रत घेतली असेल, तर यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली व्यवस्था) असलेल्या यंत्रात बूटची नोंद मदरबोर्डवर असते, डिस्कवर नाही. प्रत दुसऱ्या यंत्रात लावल्यावर ती सुरू झाली नाही, तर ‘ईएफआयबूटएमजीआर’ने नोंद करावी किंवा ग्रब हा बूटलोडर पुन्हा बसवावा. सॉफ्टवेअर रेड (अनेक डिस्कचा एकत्र संच) असलेल्या सर्व्हरवर संचाचे नाव अचानक ‘एमडी१२७’ झालेले दिसले, तर ‘एमडीएडीएम.कॉन्फ’मध्ये संचाचा यूयूआयडी आहे का हे पाहून ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवावे. जुनी सेटिंग सुरुवातीच्या रॅम प्रतिमेत राहून गेल्याने बहुधा तसे होते.

काढलेल्या जुन्या डिस्कवर तारीख आणि ‘प्रत घेतली, वापरू नये’ असे लिहून ती अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवावी. नव्या डिस्कवरून किमान एक महिना काम चालले आणि तिची स्वतंत्र बॅकअप प्रत दुसऱ्या इमारतीत पोहोचली, म्हणजे जुनी पुसायला हरकत नाही. सभासदांची नोंदवही तीवर असल्याने न पुसता ती भंगारात देऊ नये. आणि पुसण्यासाठी ती पुन्हा जोडाल तेव्हा ‘एलएसबीएलके’ची यादी नव्याने काढून वहीतल्या सिरियल क्रमांकाशी ताडून मगच आज्ञा द्यावी.